इंग्लंडमधलं छोटं गाव: जाण्याआधी आणि राहायला येण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

डार्बीशरमधल्या एका लहान गावात आम्ही नऊ वर्षं राहतोय. ईम नावाचं प्लेगचं प्रसिद्ध गाव आमच्यापासून दोन टेकड्या पलीकडे. मे उजाडला की लंडन, लेस्टर, पुणे, वाई अशा सगळ्या बाजूंनी तेच ते प्रश्न यायला लागतात. कोणी दोन दिवसांसाठी येणार असतं, कोणी घर घ्यायच्या विचारात असतं. दरवेळी फोनवर तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते. सगळ्या इंग्लंडला लागू पडेल असं यात फार थोडं आहे. जे आहे ते बहुतेक ईमच्या आसपासचं.

इंग्लंडमधलं गाव म्हणजे शेतकऱ्यांचं गाव का?

शेती आहे, पण ती करणारी घरं हाताच्या बोटांवर मोजावीत. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, जवळच्या शेफील्ड शहरातल्या इस्पितळात रात्रपाळी करणारा एक नर्स आहे, घरून काम करणारे दोन संगणकवाले आहेत, आणि एक बाई चिनीमातीची भांडी करून विकतात. मेंढ्या पाळणारी कुटुंबं सगळ्या गावात दोन. चित्रात दिसतात ती हिरवी कुरणं त्या दोन कुटुंबांच्या जिवावर हिरवी आहेत.

आपल्याकडे पोरं शिकली की गाव सोडतात आणि मागे म्हातारी माणसं आणि कुलूप राहतं. इथे उलटी गंगा. शहरात कमावलेली माणसं गावात घर घेतात आणि गावात जन्मलेल्या पोरांना तिथलं घर परवडत नाही, ती शहरात भाड्याने राहतात. 'आम्ही गावात राहतो' हे वाक्य इथे साधेपणाचं समजलं जात नाही. ऐकणारा मनात घराची किंमत काढत असतो.

जुन्या हिशेबाने चर्च असेल ते व्हिलेज आणि नसेल ते हॅम्लेट, म्हणजे आपली वाडी. ईमची वस्ती हजाराच्या आसपास. पूर्वी या भागात शिशाच्या खाणी होत्या. तिथल्या पबचं नाव अजून मायनर्स आर्म्स आहे.

उच्चार 'इयाम' की 'ईम'?

ईम. Eyam या स्पेलिंगवर जाऊ नका. डर्बीशरलासुद्धा इथे डार्बीशर म्हणतात. इंग्रजी गावांची नावं वाचायची नसतात, ऐकून पाठ करायची असतात.

ईमच्या प्लेगची गोष्ट खरी आहे की पर्यटकांसाठी रचलेली?

खरी आहे, फक्त तिला नंतर बराच मुलामा चढला आहे.

१६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं. त्या उन्हाळ्याच्या शेवटी ईममधल्या एका शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं, म्हणून शिंप्याच्या हाताखालच्या जॉर्ज व्हिकर्सने ते विस्तवापाशी वाळत घातलं. गठ्ठ्यात पिसवा होत्या असं मानतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिकर्स गेला, मग त्या घरातली आणि शेजारची माणसं. हिवाळ्यात साथ मंदावली आणि १६६६ च्या उन्हाळ्यात पुन्हा भडकली.

तेव्हा गावचे धर्मगुरू होते विल्यम मॉम्पेसन. वयाने तरुण, गावात नवे, आणि गावाचा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. लोक मानत होते ते आधीच्या थॉमस स्टॅन्ली यांना. नवा धर्मकायदा मान्य न केल्यामुळे त्यांचं पद गेलं होतं. या दोघांचं एकमेकांशी पटायचं काही कारण नव्हतं, पण ते एकत्र आले आणि त्यांनी गावाला सांगितलं की आता वेस ओलांडायची नाही. चर्चला कुलूप लागलं आणि प्रार्थना कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत उघड्यावर होऊ लागली, माणसामाणसांत अंतर ठेवून. मेलेल्यांना घरच्यांनीच आपल्या परसात किंवा शेतात पुरायचं ठरलं. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशरने धान्य पुरवलं. शेजारच्या गावचे लोक वेशीवरच्या दगडाशी सामान ठेवून जात आणि ईमचे लोक त्या दगडातल्या भोकांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवत.

चौदा महिन्यांत २६० माणसं गेली. गावात मुळात किती होती यावर इतिहासकारांचं एकमत नाही, त्यामुळे 'तीन चतुर्थांश गाव मेलं' असं कोणी छातीठोक सांगितलं तर थोडं सबुरीने घ्या. गावाबाहेर रायली ग्रेव्हज म्हणून सात थडगी आहेत. एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली, ती ही जागा. मॉम्पेसन यांची बायको कॅथरीनही त्याच महिन्यात गेली. तिचं थडगं चर्चच्या आवारात आहे.

या गोष्टीतलं मला खुपणारं एक आहे, तेही सांगते. मॉम्पेसननी आपली मुलं आधीच यॉर्कशरला पाठवली होती. ज्यांच्याकडे जायला जागा आणि पैसा होता त्यातले काही वेळेत निघून गेले. मागे राहिलेल्यांनी त्याग केला की त्यांना दुसरा पर्यायच नव्हता, हा प्रश्न गावातल्या फलकांवर कुठे लिहिलेला दिसत नाही.

आपल्या आजीपणजीकडून ऐकलेलं आठवतं का? 'उंदीर पडले' की आपली गावं उठून रानात झोपड्या घालून राहायची. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आला, त्यानंतरच्या कित्येक वर्षांतली ही आठवण. ईमच्या लोकांनी याच्या नेमकं उलट केलं. उंदीर आणि पिसवांच्या हिशेबाने पाहिलं तर रानात जाणाऱ्या आपल्या लोकांचं जास्त बरोबर होतं. पण पिसवांचा हात पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवला तो १८९८ मध्ये, तोही तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत. १६६६ मध्ये ईमला हे कोण सांगणार होतं? आणि ईम रानात पांगलं असतं, तर शेजारच्या गावांचं काय झालं असतं तेही सांगता येत नाही.

ईममध्ये बघायचं काय आणि किती वेळ लागतो?

निवांत पाहायचं तर सकाळपासून दुपारी तीनपर्यंत. गावातून हिंडायला तिकीट लागत नाही, संग्रहालयाला लागतं. सुरुवात संग्रहालयापासून करा, म्हणजे पुढचं सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. हिवाळ्यात ते बंद असतं, म्हणून आधी तारखा बघून घ्या. मग चर्च. आवारात सॅक्सन काळातला, म्हणजे हजार वर्षांहून जुना, दगडी क्रूस आहे आणि भिंतीवर १७७५ ची सूर्यघडी. तिच्या रेघा समजावून घेण्यात आमच्या बाबांची पाऊण तास समाधी लागली होती. चर्चला लागून प्लेग कॉटेजेस, पुढे ईम हॉल आणि त्याच्यासमोर गुन्हेगारांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा.

वेशीचा दगड स्टोनी मिडलटनच्या बाजूला उतारावर आहे, पायी पंधरावीस मिनिटं. रायली ग्रेव्हज दुसऱ्या टोकाला. मॉम्पेसनचा झरा वर टेकडीवर, तिथेही सामान ठेवत असत. चढ दमवणारा आहे. वेळ कमी असेल तर झरा सोडा, दगड सोडू नका.

त्या घरांत आत जाता येतं का?

नाही! प्लेग कॉटेजेसवर कोण कोण कधी गेलं याच्या पाट्या आहेत, पण आत आज माणसं राहतात, त्यांचा चहा चालू असतो. खिडकीला नाक लावून आत बघणारे दरवर्षी भेटतात. रस्त्यावरून फोटो काढायला कोणाची हरकत नाही. फाटक ढकलून बागेत शिरू नका, आणि त्यांच्या दाराशी उभं राहून लग्नाआधीचं फोटोशूट तर मुळीच नको. कॉट्सवोल्ड्स टेकड्यांमधल्या बायबरी गावाची अवस्था बघा. आर्लिंग्टन रो ही विणकरांच्या जुन्या घरांची रांग बघायला इतक्या बसगाड्या येतात की तिथल्या रहिवाशांना घराबाहेर पडायची चोरी. ईमवर अजून ती पाळी आलेली नाही.

गाडी नसेल तर जायचं कसं?

मँचेस्टर आणि शेफील्डच्या मध्ये होप व्हॅलीची रेल्वे आहे. ग्रिंडलफर्डला उतरून ईम साधारण तीन मैल, बराचसा चढ. प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही, थांबणारी बघून बसा. शेफील्डहून बसही आहे, पण रविवारी विरळ. परतीची शेवटची बस कधी आहे हे पोचल्याबरोबर थांब्यावर वाचून घ्या. गावात हात केला की टॅक्सी मिळत नाही.

गाडीने येणार असाल तर अरुंद रस्त्यांची मनाची तयारी ठेवा. दोन्ही बाजूंना चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचलेले बांध, मध्ये एकाच गाडीपुरती वाट. समोरून ट्रॅक्टर आला की ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचं. मागे जाणाऱ्याला समोरचा हात उंचावून दाद देतो. तुम्हीही द्या. ही दाद न देणाऱ्याची चर्चा संध्याकाळी पबमध्ये होते. शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका. फाटक कधी उघडलेलं दिसत नसलं तरी ते वापरातलं असतं.

शेतातून चालत जाऊ देतात म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि इथल्या राहण्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. पब्लिक फुटपाथ ही कायद्याने मान्य झालेली वाट असते. ती कोणाच्याही शेतातून, कधीकधी अंगणातूनसुद्धा जाते आणि मालकाला ती अडवता येत नाही. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी. निळा बाण असेल तर घोडा आणि सायकलही चालते. त्याशिवाय २००० च्या कायद्याने माळरान आणि डोंगरपठारावर बऱ्याच ठिकाणी वाट सोडूनही हिंडता येतं.

हे आपसूक मिळालेलं नाही. २४ एप्रिल १९३२ ला याच परिसरातल्या किंडर स्काउट डोंगरावर मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो कामगार मुद्दाम घुसले होते. तो डोंगर जमीनदारांनी तितरांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. काही जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे आमचा हा परिसर, हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. अभयारण्य डोळ्यांपुढे आणू नका. या राष्ट्रीय उद्यानात गावं, शेतं, शाळा, पब सगळं आहे.

फाटक जसं सापडेल तसंच ठेवून जायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. मेंढ्या व्यायच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मे, कुत्रा दोरीनेच धरा. लोक बैलाला घाबरतात, पण जपायचं ते वासरं असलेल्या गाईंपासून. आपल्याकडे गाय म्हणजे गरीब, हे समीकरण इथे विसरा. त्यांच्या आणि वासरांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. गाई कुत्र्यावर धावून आल्या तर कुत्र्याची दोरी सोडून द्यायची. तो पळतो, तुम्हीही सुटता. उंच गवतातून आल्यावर पायांना गोचीड लागली आहे का ते बघा. फोनला रेंज नसते, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या नकाशे काढणाऱ्या संस्थेचा कागदी नकाशा जवळ असू द्या.

कधी यावं?

मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आत अंधार. रस्त्यावर बहुधा दिवे नसतात, म्हणून विजेरी हवीच. पाऊस बारा महिने, पण आपल्यासारखा धो धो नाही. तो नुसता भिजवत राहतो. छत्री वाऱ्यात उलटी होते, टोपीचं जाकीट घ्या.

ईमसाठी सगळ्यात चांगला काळ ऑगस्टचा शेवट. शेवटच्या रविवारी प्लेग संडे असतो आणि कक्लेट डेल्फच्या त्याच घळीत उघड्यावर प्रार्थना होते. विहिरी सजवण्याचा सणही त्याच सुमारास.

विहिरी सजवतात म्हणजे काय करतात?

वेल ड्रेसिंग. ही खास डार्बीशरची प्रथा आहे. टिसिंग्टन गावात ती सगळ्यात जुनी मानतात. कोणी म्हणतं १३४९ च्या प्लेगमध्ये तिथलं पाणी शुद्ध राहिलं म्हणून, कोणी म्हणतं १६१५ च्या दुष्काळात झरे आटले नाहीत म्हणून.

मोठाल्या लाकडी फळ्या आधी तळ्यात किंवा ओढ्यात भिजत घालतात. मग त्यांच्यावर मीठ घालून मळलेली चिकणमाती थापतात. मीठ ओल धरून ठेवतं. कागदावरचं चित्र मातीवर ठेवून टोचून टोचून उतरवायचं, त्याच्या रेघा बिया किंवा छोट्या फळांनी उभ्या करायच्या, आणि मग आतल्या जागा फुलांच्या पाकळ्यांनी भरायच्या. शेवाळ, पानं, लोकर, सालपटं, सगळं चालतं. चित्र आठवडाभर टिकतं, मग सुकून तडे जातात.

पहिल्या वर्षी मी हे काम बघायला म्हणून गावच्या हॉलमध्ये डोकावले आणि तीन दिवस तिथेच बसले. रांगोळीवर पोसलेल्या बोटांना हे काम नवीन वाटलंच नाही. मी उत्साहाने वरून खाली पाकळ्या लावत सुटले, तेव्हा ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी हात धरून थांबवलं. पाकळ्या खालून वर लावायच्या, कौलांसारख्या एकावर एक, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं. माझी सगळी रांग उपटून पुन्हा लावायला लावली. नऊ वर्षांत माझी या गावात जेवढी ओळख झाली, त्यातली निम्मी त्या टेबलाभोवती झाली. तुम्ही पाहुणे असाल तरी हॉलच्या दारावर 'मदत हवी' अशी पाटी दिसली तर बिनधास्त आत जा.

पबमध्ये दारू न पिणाऱ्याने, त्यातून शाकाहाऱ्याने जावं का?

जावं. गावातला पब म्हणजे अर्धा पार, अर्धी खाणावळ. लिंबूपाणी मागवलं म्हणून कोणी भुवई उंचावत नाही. टेबलावर बसून वाट बघत राहाल तर बसूनच राहाल. बारपाशी जाऊन मागवायचं आणि टेबलाचा नंबर सांगायचा. स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि संध्याकाळीच उघडतं. तीन वाजता भुकेलेलं कुटुंब घेऊन पोचलात तर चिप्सची पाकिटं मिळतील.

शाकाहारी पदार्थ आता सगळीकडे एकदोन असतात. ग्रेव्ही आणि सूप मात्र विचारूनच घ्या. उत्तरेकडच्या काही दुकानांत बटाट्याच्या गरम चिप्स, म्हणजे फ्राइज, गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा 'बटाटाच तर आहे' म्हणून गप्प बसू नका. जवळच्या बेकवेल गावचं पुडिंग प्रसिद्ध आहे, त्यात अंडं असतं.

आपल्यासारख्यांकडे लोक टक लावून बघतात का?

बघतात, विशेषतः सुरुवातीला. पण इथे कोणीही नवं आलं की बघतात, पुढच्या गावचा गोरा माणूस आला तरी पडदा हलतोच. आठदहा दिवसांनी मी कोण, नवरा काय करतो, मुलगी कुठल्या वर्गात हे सगळ्यांना माहीत होतं, मी कोणाला न सांगता. सातारा जिल्ह्यातल्या गावात वाढलेल्या माणसाला याचं काय नवल?

बोचणारे प्रसंग आलेच नाहीत असं नाही. एकदा बसथांब्यावर एकाने 'मुळात कुठल्या' असं तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा त्यात कुतूहल उरलेलं नव्हतं. माझ्या आधी शेजारच्या बाईच उसळल्या. नऊ वर्षांत असं दोनचारदा. शहरात याहून जास्त ऐकलं आहे.

वाटेत भेटेल त्याला अभिवादन करा. शहरात अनोळखी माणसाला नमस्कार केला तर तो दचकतो, पायवाटेवर न केला तर उद्धटपणा होतो. इथले जुने लोक 'अय अप, मी डक' म्हणतात. बदकाशी संबंध नाही, 'काय गं बाय' यासारखं समजा. 'ऑल राइट?' हा प्रश्न वाटला तरी त्याला उत्तर 'ऑल राइट' एवढंच. आपल्या गुडघेदुखीची हकीकत तिथे काढू नये.

कोणी 'टी'ला बोलावलं तर काय घेऊन जायचं?

आधी भूक घेऊन जा. इथे उत्तरेकडे बऱ्याच घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण आणि 'डिनर' म्हणजे दुपारचं. आम्हाला पहिल्यांदा पाच वाजता टीला बोलावलं, आम्ही घरून भरपेट पोहे खाऊन गेलो. समोर मसुरीचं सारण भरून भाजलेली 'पाय' (pie), तीन भाज्या, वर सफरचंदाचं गोड क्रंबल. 'आवडलं नाही का' हा प्रश्न चारदा आला. नवऱ्याने दोनदा वाढून घेऊन अब्रू राखली.

सोबत फुलं किंवा बिस्किटांचा डबा पुरे. घरचा लाडू नेलात तर तो पुढच्या वर्षीपर्यंत आठवणीत राहतो.

घर घ्यायचं मनात आहे. आधी काय विचारू?

दलाल खिडकीतून दिसणारा देखावा दाखवेल, तुम्ही तळघर आणि छप्पर बघा. मग एकेक विचारत जा.

घर लिस्टेड, म्हणजे जुनी वास्तू म्हणून सरकारी संरक्षित यादीतलं, आहे का? असेल तर खिडकी बदलायलाही परवानगी लागते, दुहेरी काच बऱ्याचदा नाकारतात, आणि विनापरवाना काम हा फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम काढून टाकायची नोटीस नव्या मालकावर येऊ शकते, हे अनेकांना सही झाल्यावर कळतं. पीक डिस्ट्रिक्टमध्ये बांधकामाच्या परवानग्या राष्ट्रीय उद्यानाचं प्राधिकरण देतं आणि ते दगडाच्या रंगापर्यंत लक्ष घालतं.

गॅसची लाइन आहे का? अनेक गावांत नाही. मग अंगणात तेलाची टाकी असते आणि त्यावर घर तापतं. टँकरवाले बहुधा पाचशे लिटरच्या खाली आणत नाहीत. आमची टाकी पहिल्याच हिवाळ्यात ऐन जानेवारीत कोरडी पडली आणि आम्ही तीन दिवस एका खोलीत लाकडाच्या शेगडीपाशी झोपलो. टाकीवरचा काटा बघायचा असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आता गावातली वीसेक घरं मिळून एकदम मागवतो, स्वस्त पडतं.

सांडपाणी कुठे जातं? सेप्टिक टँक असेल आणि तिचं पाणी थेट ओढ्यात जात असेल, तर १ जानेवारी २०२० पासून इंग्लंडमध्ये ते चालत नाही. बदलण्याचा खर्च मोठा आहे, तो किमतीतून वळता करून घ्या. इंटरनेटचा वेग विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका, त्यांच्याच स्वयंपाकघरात उभं राहून मोजा. आणि घर एकदा फेब्रुवारीत, पावसात, संध्याकाळी पाचला बघा. मेमध्ये सगळीच घरं सुंदर दिसतात.

सुट्टीपुरतं दुसरं घर म्हणून घेणार असाल तर एप्रिल २०२५ पासून कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, अशा घरांवर दुप्पट कर लावता येतो. गावाचं मतही तुमच्याबद्दल त्याच प्रमाणात बदलतं.

गाव चालवतं कोण? ग्रामपंचायत असते का?

पॅरिश कौन्सिल असते, १८९४ च्या कायद्याने आलेली. ग्रामपंचायतीशी तुलना केली तर हसाल. सरपंचाची गाडी नाही, निधी तुटपुंजा, सदस्य बिनपगारी. बाकं, खेळाचं मैदान, दफनभूमी, सूचनाफलक अशी कामं तिच्याकडे. घरबांधणीच्या अर्जावर ती मत देते, निर्णय वरचे घेतात. निवडणूक होण्याइतके उमेदवारच कित्येकदा नसतात. मग 'तुम्ही याल का?' म्हणत कोणीतरी दार वाजवतं. माझं दार दोन वर्षांपूर्वी वाजलं. पहिल्या सभेत एका बाकाच्या जागेवर पाऊण तास चर्चा झाली. चुलतकाकांनी गावच्या पंचायतीत वीस वर्षं काढली, त्यांना फोनवर हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना, 'टेंडर कोणाला दिलं?' एवढंच विचारत राहिले.

बाकी सगळं यादीवर चालतं. चर्चमधली फुलं, हॉलच्या किल्ल्या, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणाऱ्या गाड्या, प्रत्येकाची यादी हॉलच्या दाराशी लावलेली आणि समोर नावं. लाल टेलिफोनची खोकी कंपनीने मोडीत काढली, तेव्हा गावांना ती एका पौंडात मिळाली. आमच्या खोक्यात आता हृदयाला झटका देऊन जीव वाचवणारं यंत्र आहे, त्याची तपासणी करायची पाळी या महिन्यात आमच्याकडे आहे.

दवाखाना आणि शाळेचं काय?

डॉक्टर बहुधा शेजारच्या मोठ्या गावात. औषधाचं दुकान १.६ किलोमीटरपेक्षा लांब असेल तर खेड्यांत काही दवाखाने स्वतःच औषधं देतात, नाव नोंदवताना विचारा. प्राथमिक शाळा छोटी, दोन इयत्ता एकाच खोलीत. मुलांचं छान चालतं, पण वर्गात जिवलग मैत्रीण होण्याजोगी एकच मुलगी असेल आणि तिच्याशी भांडण झालं तर काय करायचं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. जवळची योग्य शाळा आठ वर्षांखालच्या मुलाला दोन मैलांपेक्षा आणि त्यावरच्याला तीन मैलांपेक्षा लांब असेल तर कौन्सिल प्रवासाची फुकट सोय करतं.

बर्फ पडलं, वीज गेली तर?

वीज गेली तर १०५ वर फोन करा. मेणबत्त्या, आठवड्याचं पीठ-तांदूळ आणि एक फावडं घरात असू द्या. मुख्य रस्त्यांवर मीठ टाकतात, गल्लीबोळांतलं आपणच पिवळ्या पेटीतून घेऊन टाकायचं.

कढीपत्ता कुठे मिळतो? गणपतीचं काय करता?

कढीपत्ता शेफील्डला. महिन्यातून एकदा जाते आणि फ्रीजरमध्ये भरून ठेवते. गणपती शाडूचा, घरातच बसतो. नदीत विसर्जन करायला जाऊ नका, इथे नदीत काहीही टाकणं अंगाशी येतं. आम्ही बागेत बादलीत विसर्जन करतो आणि ती माती गुलाबांना घालतो. पहिल्या वर्षी आरतीचा आवाज ऐकून शेजारी 'सगळं ठीक आहे ना' बघायला आले, दुसऱ्या वर्षीपासून मोदकांच्या वेळेला येतात.

भारताशी थेट नातं असलेलं एखादं इंग्रजी गाव आहे का?

ऑक्सफर्डशरमधलं स्टोक रो. चिल्टर्न टेकड्यांवरच्या या गावात पाण्याचे हाल होते. तिथून जवळच्या घराण्यातले एडवर्ड रीड हिंदुस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. घरातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं म्हणून मार खाणाऱ्या मुलाची आपल्या भागातली हकीकत त्यांनी काशीच्या महाराजांना, ईश्वरी प्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. महाराजांनी ते लक्षात ठेवलं आणि पैसे पाठवले. १८६४ मध्ये विहीर खुली झाली: चार फूट रुंद, ३६८ फूट खोल, सगळी हाताने खणलेली. वर सोनेरी हत्ती आणि घुमट आहे. विहिरीच्या देखभालीसाठी शेजारी चेरीची बाग लावली, तिला नाव दिलं इश्री बाग. लंडनहून एका दिवसात होतं.

आई-बाबांना महिनाभर आणावं का?

जूनमध्ये आणा, नोव्हेंबरमध्ये नको. प्रवासाचा आरोग्य विमा आधी काढा. आईचं मन रमणं अवघड जाईल. भाजीवाला नाही, दाराशी बसून बोलायला कोणी नाही, आणि दुपारी गावात इतकी शांतता की तिला कोणीतरी गेलं असेल असं वाटतं. माझ्या आईने पहिल्या आठवड्यात तसं दोनदा विचारलं. तिसऱ्या आठवड्यात ती त्या ऐंशीच्या पुढच्या आजींकडे सकाळी परसात जायला लागली. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी. दोघी मिळून वाटाणे सोलायच्या. बाबांनी मात्र पहिल्या दिवशीच शेताचा बांध बघितला, एक दगड हलवून पाहिला, आणि हा चुन्याशिवाय कसा उभा राहतो ते समजेपर्यंत घरी यायला तयार नव्हते.